रुम्बा खरा कुठला, क्लासमधला की हवानाच्या गल्लीतला?

प्रश्न एका ताईंचा आहे, आधी तो थोडक्यात सांगते. त्यांच्या सोसायटीत यंदा गणपतीत 'जगभरातली लोकनृत्यं' असा कार्यक्रम ठरलाय. त्या, आणखी पाच जणी आणि ओढून आणलेले दोन नवरे असे आठ जण गेले आठ महिने शनिवार-रविवारच्या क्लासला रुम्बा शिकतायत. सरांनी सांगितलंय की हे क्यूबाचं पारंपरिक नृत्य, प्रेमाचं नृत्य. मग ताईंनी यूट्यूबवर हवानातल्या एका गल्लीतला रुम्बा पाहिला आणि चक्रावल्या. कुणी कुणाचा हात धरत नाही. गिटार नाही, व्हायोलिन नाही, नुसते ढोल आणि गाणं. आणि पुरुष मध्येच बाईच्या दिशेने काहीतरी फेकल्यासारखा झटका देतो, तशी ती झटकन घागरा पुढे ओढते. तर त्यांचे तीन प्रश्न: खरा कुठला? हे अश्लील आहे का? आणि स्टेजवर आपला नेहमीचा घागरा चालेल का?

मी बावीस वर्षं पुण्यात बॉलरूम आणि लॅटिन शिकवतेय. सरांना कुणी नावं ठेवण्याआधी माझीच गोष्ट सांगते. पहिली सात-आठ वर्षं मीही अगदी हेच सांगायचे. एका कॉलेजच्या गॅदरिंगला आमच्या मुलांनी रुम्बा केला, तेव्हा पत्रिकेत 'क्यूबाचे पारंपरिक लोकनृत्य' हे शब्द मीच लिहून दिले होते. पुढे पैसे साठवून तीन आठवडे क्यूबाला गेले. मातान्सासमध्ये ज्या घरी खोली घेतली होती, तिथल्या आजींनी विचारलं, काय नाचतेस? म्हटलं, रुम्बा. आजी खूश. म्हणाल्या, दाखव की. स्वयंपाकघर आणि अंगण यांच्या मधल्या पट्ट्यात मी एकटीनेच बेसिक, न्यू यॉर्क, अलेमाना अशा क्लासमधल्या सगळ्या आकृत्या करून दाखवल्या, गुडघे ताणून, कंबर अगदी नियमाप्रमाणे फिरवून. आजींनी शेवटपर्यंत बघितलं. मग मायेनेच म्हणाल्या, "छान आहे गं. पण हा बोलेरो." बोलेरो म्हणजे तिकडचा संथ प्रेमगीतांचा प्रकार. आणि ओट्यावरचा चमचा उचलून रिकाम्या बाटलीवर टकटक वाजवायला लागल्या. तो ठेका काही केल्या माझ्या पायात येईना.

ताईंच्या पहिल्या प्रश्नाचं निम्मं उत्तर आजींच्या त्या वाक्यात आहे. क्लासमधला रुम्बा खोटा नाही. फक्त तो जन्माने दुसऱ्या घरातला आहे आणि नाव रुम्बाचं लावतो, दत्तक गेलेल्या मुलासारखं. हे नाव त्याला कसं चिकटलं ते पुढे सांगते. आधी मूळ घर बघू.

एकोणिसाव्या शतकातला क्यूबा म्हणजे ऊस. राज्य स्पेनचं, आणि मळ्यांवर राबणारी माणसं आफ्रिकेतून गुलाम करून आणलेली. तिथली गुलामगिरी कायद्याने संपली ती 1886 मध्ये, म्हणजे फार उशिरा. त्याच्या आगेमागे मोकळी झालेली माणसं हवाना आणि मातान्सास या बंदरांच्या शहरांत आली, गोदीत हमाली करू लागली, मिळेल ते काम करू लागली. राहायची सोलारमध्ये. सोलार म्हणजे पडझड झालेला मोठा वाडा, खोलीखोलीत एकेक बिऱ्हाड, मध्ये सगळ्यांचा मिळून एक चौक. सदाशिव पेठेतल्या वाड्यात किंवा गिरगावातल्या चाळीत ज्यांचं लहानपण गेलं, त्यांना याहून जास्त समजवायला नको. रुम्बा त्या चौकात तयार झाला. त्याला ना देवळाची पार्श्वभूमी ना दरबाराची. आफ्रिकेतून आलेल्या ओरिशा देवतांसाठी जे ढोल वाजतात ते वेगळे, त्यांचे नियम वेगळे. रुम्बा हा सुट्टीच्या दिवशी जमून करायचा प्रकार, आणि त्या शब्दाचा एक साधा अर्थच मुळी 'मौजमजा, जल्लोष' असा आहे.

त्यात काय काय मिसळलं? काँगोकडून आलेल्या लोकांचा युका नावाचा जोडीचा नाच होता, कमरेने धक्का देण्याचा खेळ त्यात होता. आजच्या नायजेरियातल्या कालाबार भागातून आलेल्यांच्या परंपरेतून आबाकुआ ही पुरुषांची बंधुसंघटना 1836 मध्ये हवानासमोरच्या रेग्ला इथे उभी राहिली, तिच्यातल्या मुखवटेधारी नाचऱ्याच्या काही हालचाली रुम्बात उतरल्या. स्पेनकडून भाषा आली, आणि देसिमा हा दहा ओळींचा छंद आला. त्यामुळे 'आफ्रिकन की स्पॅनिश' असं विचारलंत तर मी म्हणेन, सोलारचा. त्याच चौकात गोरे गरीबही राहत होते.

आता माझा सगळ्यात आवडता भाग, वाद्यं. आफ्रिकन ढोलांवर सरकारची आणि पोलिसांची वक्रदृष्टी असायची. मग वाजवायचं कशावर? गोदीत खोकी मुबलक. खारवलेला कॉड मासा यायचा ती खोकी मोठी, त्यातून घुमणारा खर्ज निघतो. मेणबत्त्यांची खोकी लहान आणि पातळ, त्यांचा आवाज तीक्ष्ण. खोक्यावर बसून पायांमध्ये हात घालून वाजवायचं. त्याला काहोन म्हणतात, शब्दशः खोकंच. कपाटाचा खण, बाटली, चमचा, काहीही चालायचं, आजींच्या ओट्यावर मी जे पाहिलं तसं. पुढे त्याची जागा उंच, चामड्याच्या कोंगांनी घेतली, पण काहोन गेला नाही, आजही वाजतो. आणि दोन गुळगुळीत कठीण लाकडी दांड्या असतात ना, एकमेकींवर आपटायच्या, त्या क्लावे. हवानात जहाजं बांधली जायची, त्या जहाजांच्या लाकडी खुंट्यांपासून त्या आल्या असं सांगतात. मला ही गोष्ट पटते, कारण बाकी सगळं सामानही गोदीतूनच आलेलं आहे.

रुम्बाचे मुख्य प्रकार तीन. याम्बू सगळ्यात जुना आणि संथ, काहोनवर वाजणारा. त्यात वयस्कर माणसांची नक्कल असते, कंबर धरत, पाय जपून टाकत नाचतात. तुम्ही पाहिलेला झटक्याचा प्रकार म्हणजे ग्वाग्वांको, जोडीचा, जास्त वेगाचा, आणि आज सगळ्यात जास्त दिसणारा. तिसरा कोलुम्बिया, मातान्सास प्रांताच्या खेड्यांतला, एकट्याचा, पूर्वी पुरुषांनीच करायचा. चाल वेगवान, सहाच्या वजनाची. त्यात चाकू घेऊन नाचतात, डोक्यावर पाण्याचा पेला ठेवून नाचतात. उनियोन दे रेयेस गावचा होसे रोसारियो ओविएदो, टोपणनाव मालांगा, हा विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा कोलुम्बियाचा दंतकथा झालेला नाचऱ्या. आता कोलुम्बिया बायकाही करतात, आणि चांगला करतात. तुमच्या गटाने मात्र तिकडे जाऊ नये. माझे स्वतःचे गुडघे त्यातून अजून पूर्ण सावरलेले नाहीत.

गाणं सुरू होतं ते शब्दांशिवाय. मुख्य गायक नुसता आलापासारखा स्वर लावतो, त्याला दियाना म्हणतात. मग तो गोष्ट सांगतो: कुणी वारलं, कुणी फसवलं, शेजारीण काय म्हणाली. तोवर कुणीही नाचत नाही. मग एका जागी बाकीचे सूर मिळवतात आणि एकच ओळ पुन्हापुन्हा म्हणू लागतात, पोवाड्यात झीलकरी करतात तसं. त्या क्षणाला ते 'रुम्बा फुटला' अशा अर्थाचा शब्द वापरतात. जोडी रिंगणात उतरते ती तेव्हा. यूट्यूबवरच्या व्हिडिओत पहिली दोन-तीन मिनिटं 'काहीच होत नाही' असं ताईंनी लिहिलंय, ते याचमुळे.

ढोल तीन. दोन खालचे ढोल ठेका धरून ठेवतात. तिसरा, सगळ्यात चढ्या आवाजाचा, किंतो. किंतोवाला मोकळा असतो आणि त्याचे डोळे नाचणाऱ्यावर असतात. नाचणाऱ्याने खांदा उडवला की किंतोत त्याचं उत्तर येतं, किंतोने डिवचलं की नाचणारा प्रतिसाद देतो. लावणीत ढोलकीवाला बाईच्या पायाकडे कसा डोळा लावून असतो ते ज्यांनी जवळून पाहिलंय, त्यांना हे लगेच ओळखीचं वाटेल. क्लासमध्ये आपण गाणं लावतो आणि गाण्यावर नाचतो. इथे नाचामुळे वाजणं बदलतं. माझ्या मते दोन रुम्बांमधला खरा फरक हाच आहे, हात धरणं-न धरणं ही वरवरची गोष्ट.

आणि या सगळ्याच्या मध्ये क्लावेचा ठेका, जो कधी थांबत नाही. तो इथेच करून बघा. तीनतालासारख्या सोळा मात्रा मोजा, मनात. टाळी द्यायची ती 1, 4, 8, 11 आणि 13 वर. बस, एवढंच. सोन नावाच्या त्यांच्या दुसऱ्या संगीतप्रकारात हाच ठेका 1, 4, 7, 11, 13 असा येतो. फरक एका मात्रेचा. पण सातव्या मात्रेवरची ती टाळी आठव्या मात्रेवर सरकली की चालणाऱ्या माणसाचं पाऊल अडखळून पुढे पडावं तसं होतं, आणि रुम्बाची सगळी मस्ती त्या अडखळण्यात आहे. आपल्याकडे तबला शिकलेल्यांची यात गंमत होते. हाताला 5 वर टाळी आणि 9 वर खाली द्यायची सवय, आणि क्लावे या दोन्ही मात्रांवर गप्प. माझा एक विद्यार्थी विशारद झालेला आहे, त्याला क्लावे जमायला सगळ्यांत जास्त वेळ लागला. सोळा मात्रा फक्त मोजण्याच्या सोयीसाठी घ्या, सम-काल डोक्यातून काढून टाका.

आता दुसरा प्रश्न. तो जो झटका आहे त्याला वाकुनाओ म्हणतात. शब्द 'लस टोचणं' या अर्थाच्या क्रियापदातून आलाय, आता यावर मी वेगळं भाष्य करत नाही. पुरुष बाईभोवती फिरतो, तिला गाफील ठेवतो आणि संधी साधून कमरेने, हाताने, पायाने नाहीतर रुमाल उडवून तो झटका देतो. स्पर्श नसतो. बाईने तो आधीच ओळखून हाताने किंवा घागऱ्याच्या घोळाने अडवायचा आणि गिरकी घेऊन निघून जायचं. अर्थ उघड आहे, लपवण्यासारखं काही नाही. कोंबडा-कोंबडीचा खेळ आहे.

पण खेळ आहे हे विसरू नका. मी हवानात ज्या बाईंकडे आठ दिवस शिकले, त्यांनी पहिले तीन दिवस मला फक्त बघायला शिकवलं. पुरुषाच्या चेहऱ्याकडे नाही, त्याच्या गुडघ्याकडे बघ, झटका गुडघ्यातून सुरू होतो. चांगली नाचणारी बाई घागरा उघडते, बोलावते, त्याला वाटतं आता जमलं, आणि ऐनवेळी घोळ मिटलेला असतो. चौकात जमलेले लोक हसतात ते पुरुषावर. कसलेल्या बाईला वाकुनाओ लागत नाही, यात तिचा मान आहे. क्यूबातल्या सभ्य समाजाने रुम्बाला खालच्या दर्जाचा, गलिच्छ असंच म्हटलं, आपल्याकडे तमाशाने जे ऐकून घेतलं तेच सगळं. पुढे 1962 मध्ये सरकारनेच राष्ट्रीय लोकनृत्य पथक काढलं आणि त्यात रुम्बा आला. मातान्सासचा लोस मुन्येकितोस हा गट तर 1952 पासून आहे. 2016 मध्ये युनेस्कोने क्यूबाचा रुम्बा मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतला, फिदेल कास्त्रो गेल्यानंतर जेमतेम आठवड्याभरात. म्हणून अश्लील का, याचं माझं उत्तर 'नाही' असंच आहे. तुमच्या सोसायटीच्या मांडवात चालेल का, हा मात्र निराळा प्रश्न. तो प्रेक्षकांवर अवलंबून आहे, आणि नाचणाऱ्या बाईला त्यात मजा येतेय की ती अवघडलीय, यावर त्याहून जास्त. अवघडलेल्या बाईने केलेला ग्वाग्वांको खरोखरच वाईट दिसतो.

तर मग क्लासमधला रुम्बा कुठून आला? 1930 मध्ये डॉन आस्पियासू हा हवानाचा बँडवाला न्यू यॉर्कला गेला आणि 'एल मानिसेरो', म्हणजे शेंगदाणेवाला, हे गाणं तिथे तुफान गाजलं. गाणं होतं सोन प्रकारातलं, फेरीवाल्याच्या आरोळीवर बांधलेलं. पण अमेरिकेत ते रुम्बा म्हणून खपलं, स्पेलिंगमध्ये एक जास्तीचा एच घालून. रुम्बा म्हटलं की रंगेल, उष्ण, परदेशी असं काहीतरी वाटायचं, सोन म्हटलं की काहीच नाही. तिथून पुढे क्यूबाहून येणारं बरंचसं संगीत, सोन असो की बोलेरो, रुम्बाच झालं. पुढे लंडनमध्ये शिकवणारे मस्यू पिएर आणि त्यांच्या जोडीदार डोरिस लाव्हेल यांनी क्यूबातल्या हॉलमध्ये लोक प्रत्यक्षात कसे नाचतात ते पाहून त्याची पद्धत बसवली. दुसऱ्या मोजणीवर पाऊल टाकायचं, ही जी तुमच्या सरांनी डोकं खाऊन तुमच्याकडून पाठ करून घेतलेली गोष्ट असेल, ती त्यांची देणगी. इंग्लंडमध्ये त्यावरून शिक्षकांत चांगलीच भांडणं झाली, कारण आधीपासून चौकोनी पावलांचा रुम्बा शिकवणारे होते. 1950 च्या दशकात पिएर यांची पद्धत मान्य झाली आणि स्पर्धांच्या नियमांत बसली.

म्हणजे आजी बरोबरच होत्या. स्पर्धेतला रुम्बा हा सोन आणि बोलेरोचा वंशज, संथ केलेला, मिनिटाला 25 ते 27 बारच्या, म्हणजे चार-चार मोजणीच्या आवर्तनांच्या लयीत. त्यातल्या आकृत्यांची नावंच बघा: न्यू यॉर्क, हॉकी स्टिक, आणि अलेमाना म्हणजे 'जर्मन बाई'. क्यूबाच्या पारंपरिक नृत्यात हॉकी स्टिक कुठून आली, हा प्रश्न मला सात-आठ वर्षांत एकदाही पडला नाही, याची आता लाज वाटते. तरी तो नाच म्हणून उत्तम आहे. वजन एका पायावरून दुसऱ्यावर नेण्याची इतकी बारीक शिस्त मला दुसरीकडे फारशी दिसली नाही, आणि माझं पोट त्याच्यावरच चालतं.

एक सूचना: शोधताना गिटारींचा, गोड, लांबलचक रुम्बा सापडला तर तो काँगोचा असेल. तीही मजेशीर गोष्ट आहे. क्यूबन सोनच्या रेकॉर्डी 1930 च्या दशकापासून आफ्रिकेत विकल्या जायला लागल्या, काँगोतल्या लोकांना त्या आपल्याच घरच्या वाटल्या, आणि त्यांनी आपलं संगीत त्यावर बेतलं. नावही तेच घेतलं. 2021 मध्ये युनेस्कोच्या यादीत तोही आला. स्पेनमधला जिप्सींचा रुम्बा आणखी वेगळा. नाव एक, कुटुंबं चार.

आता तुमच्या कार्यक्रमाचं. वेळ किती आहे यावर सगळं ठरेल. पाच-सहा आठवडेच हातात असतील तर क्लासमध्ये जे बसलंय तेच करा, फक्त निवेदनातून 'पारंपरिक लोकनृत्य' काढा. 'क्यूबाच्या सोन आणि बोलेरोवरून युरोपात घडलेला बॉलरूम रुम्बा' असं म्हणा, सरांचाही मान राहील. तीन महिने असतील तर याम्बू बसवा. तो संथ आहे, आणि याम्बूत वाकुनाओ देत नाहीत असा त्यांचा नियमच आहे, म्हणजे मांडवात बसलेल्या आजी-आजोबांची काळजी मिटली. शिवाय ओढून आणलेल्या नवऱ्यांना म्हाताऱ्याची नक्कल फार शिकवावी लागत नाही. जमलंच तर वाजवणारे स्वतःचे उभे करा. तुमच्या ढोल-ताशा पथकातल्या कुणाला तरी प्लायवूडचं खोकं द्या. मात्र आधी क्लावे पक्की करून घ्या, दोन लाटणी चालतात. माझ्या क्लासमध्ये पहिले चार तास कुणालाही पाऊल टाकू देत नाही. लाटणी वाजवायची आणि त्याच वेळी गप्पा मारायच्या. गप्पा मारताना ठेका सुटला नाही की पाय मोकळे.

लाकडी फळ्यांच्या स्टेजवर नाचणार असाल तर बूट नकोत, टाचा तर अजिबात नकोत. गुडघे सैल, अंग किंचित पुढे झुकलेलं, वजन जमिनीकडे. बॉलरूमवाल्यांना हेच सगळ्यात जड जातं, कारण आठ महिने तुम्हाला उंच, ताठ उभं राहायला शिकवलंय. त्यासाठी भाजी निवडायला खाली वाकताना अंग जसं असतं तसं ठेवा, असं मी सांगते.

आणि घागरा. नवरात्रातला आरसे लावलेला घागरा नको. जड असतो, घोळ हाताने उचलून झटकन मध्ये आणता येत नाही, आणि आरसे दुसऱ्याच्या हाताला लागतात, हे अनुभवाने सांगतेय. साधा सुती, भरपूर घेराचा, घोट्याच्या वर येणारा हवा. आमच्या मुली साडीच्या आतले परकर वापरतात, दोन परकर उसवून एक केलेला, त्याला खाली रंगीत झालर. दोन्ही हातांत दोन्ही बाजूंची कड धरून आरशासमोर उभं राहा आणि मागून कुणालातरी टाळी वाजवायला सांगा. टाळी ऐकू येताच घोळ पुढे मिटलेला हवा. मिटायला उशीर होत असेल तर कापड जड आहे, शिंप्याकडे परत द्या.